फिट कशामुळे आली असेल?

शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात रक्ताची चव होती आणि बायको मला माझंच नाव विचारत होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी ते बरोबर सांगितलं म्हणे. आज वार कोणता, तर म्हणालो 'मार्च'. हे सगळं ऐकीव. मला स्वतःला आठवतं ते एवढंच: पहाटे बेसिनपाशी उभा राहून ब्रशवर पेस्ट घेत होतो, आणि त्याला लागूनच पुढचं दृश्य म्हणजे फरशीवर पडून दिसणारी निळ्या बादलीची कड. माझं काम मुद्रितशोधनाचं. बांधणीत एखादं पान गळालं की वाक्य मध्येच तुटून भलत्याच वाक्याला जाऊन चिकटतं, तसं झालं होतं.

तेव्हा मी ४२ वर्षांचा होतो. बीपी नाही, साखर नाही, दारू नाही. (दारू नाही हे दवाखान्यात चार जणांना सांगावं लागलं. पाचव्या वेळी बायकोला बाहेर पाठवून विचारलं.)

दुपारपर्यंत घरच्यांची कारणमीमांसा पूर्ण झाली होती. आईच्या मते जागरणं. दादाच्या मते मोबाइल. वहिनीचं म्हणणं, 'भाऊजी मनातलं कधी बोलतच नाहीत, ते असं बाहेर पडतं.' सासऱ्यांनी मान हलवून 'टेन्शन' एवढा एकच शब्द टाकला. माझी मुलगी अकरा वर्षांची होती. तिनं मैत्रिणीला फोनवर सांगून टाकलं की बाबाच्या डोक्यात शॉर्टसर्किट झालं. वयाच्या मानानं तीच सत्याच्या सर्वांत जवळ होती.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक बारीक खुणांनी बोलत असतात. एरवी हे बोलणं भर सभागृहातल्या कुजबुजीसारखं असतं, प्रत्येकीचं वेगळं. फिट येते तेव्हा पेशींचा एक मोठा घोळका अचानक एका तालात, जोरात ओरडायला लागतो. उत्तेजन देणारी आणि आवर घालणारी अशी दोन्ही रसायनं मेंदूत असतात. ग्लुटामेट पुढे रेटतं, गाबा मागे खेचतं. हा तोल बिघडवणारी कोणतीही गोष्ट फिट आणू शकते. म्हणूनच 'फिट कशानं येते' या प्रश्नाचं उत्तर 'ताप कशानं येतो' याच्या उत्तराइतकं लांबलचक आहे. फिट हे लक्षण आहे. अपस्मार हा आजार वेगळा, त्यात अशा फिट्स विनाकारण पुन्हा पुन्हा येण्याकडे मेंदूचा कल असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या १० टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात कधीतरी एखादी फिट येते. त्यातल्या बहुतेकांना अपस्मार नसतो.

डॉक्टरबाईंनी 'कशामुळे'ला हातच घातला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ही फिट होती कशावरून? मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नुसती चक्कर येऊन पडलेला माणूसही काही सेकंद हातपाय झाडू शकतो, कारण तेवढा वेळ मेंदूला रक्त कमी पडलेलं असतं. हृदयाची लय बिघडूनही माणूस असाच कोसळतो. म्हणून त्यांनी बायकोला खोदून विचारलं: आधी ताठ झाले का, मग झटके? डोळे उघडे होते की मिटलेले? चेहरा पांढरा पडला की निळसर? किती वेळ? तिनं न्हाणीघरासमोरच्या घड्याळात पाहिलं होतं, पावणेसहाला सुरू झालं ते जेमतेम दोन मिनिटं. तिला ती वीस वाटली. मग माझी जीभ बाहेर काढायला लावली. चावा कडेला होता. चक्कर येऊन पडणाऱ्याची जीभ सहसा अशी कडेला चावली जात नाही. त्यानंतरचा अर्धा तास मी गोंधळलेला होतो, अंग ठेचून काढल्यासारखं दुखत होतं. तेव्हा कुठे बाई म्हणाल्या, 'हं, फिटच.'

वहिनीची थिअरी मी मनातल्या मनात निकालात काढली होती. ती पुरती खुळी नव्हती, हे नंतर कळलं. फिटसारखेच दिसणारे झटके काही माणसांना येतात, पण त्या वेळी मेंदूत विजेचं ते वादळ नसतं. ती माणसं नाटक करत नसतात. झटके खरे असतात, उपचार मात्र मानसोपचाराच्या अंगानं करावे लागतात. अशा कित्येकांना वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात आणि फरक काही पडत नाही. माझी केस ती नव्हती, पण वहिनीला एवढं श्रेय द्यायला हवं.

दुसरा प्रश्न: फिट कुणी आणली, की आपली आपण आली? सगळ्या निदानाचा रस्ता इथे फुटतो. रक्तातली साखर खूप खाली गेली, सोडियम किंवा कॅल्शियम उतरलं, मेंदूला सूज आली, डोक्याला नुकताच मार बसला, पक्षाघाताचा झटका येऊन गेला, तर त्या तात्कालिक बिघाडानं चांगल्या मेंदूलाही फिट येते. बिघाड दुरुस्त झाला की बऱ्याचदा गोष्ट तिथेच संपते. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढून येणारी फिट याच जातीची, आणि तिथे मिनिटामिनिटाला किंमत असते.

मी वॉर्डात दोन रात्री काढल्या. शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांनाही फिट आली होती, आणि त्यांच्या मुलानं मेंदूत गाठ असणार असं धरून सगळ्या नातेवाइकांना बोलावून घेतलं होतं. निघालं काय, तर रक्तदाबासाठी चालू असलेली लघवी वाढवणारी गोळी, चार दिवसांचे जुलाब आणि 'पाणी भरपूर प्या' या सल्ल्याचं कसोशीनं पालन. सोडियम ११२ वर आलं होतं. ते साधारण १३५ ते १४५ हवं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं. इतरत्र सूज आली तर जागा असते, कवटीत ती कुठून असणार? आजींचं सोडियम डॉक्टर मुद्दाम हळूहळू वर आणत होते, कारण ते भरकन वाढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. मुलगा मात्र दर तासाला येऊन 'अजून एवढंच?' म्हणत होता. आणखी एक विचित्र गोष्ट अशी, की फिटसाठीच दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यासुद्धा, कार्बामाझेपिनसारख्या, सोडियम उतरवतात.

पलीकडे एक तिशीतला माणूस होता. त्यानं दारू सोडायची शपथ घेतली होती आणि ती पाळलीही होती, दीड दिवस. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या ब्रेकची सवय झालेली असते; ब्रेक एकदम काढला की मेंदू उधळतो. शेवटच्या प्याल्यानंतर साधारण ६ ते ४८ तासांत ही फिट येते. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या बरीच वर्षं घेऊन एकाएकी बंद केल्या तरी हेच होतं. त्याची बायको बाहेर बसून म्हणत होती, 'पीत होता तेव्हा काही झालं नाही, सोडली तर हे!' तिला कुणी नीट समजावून सांगितलं की नाही, कोण जाणे. सोडणं चुकलं नव्हतं, एकट्यानं एका झटक्यात सोडणं चुकलं होतं.

मला विचारलं, पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेता का? नैराश्याची गोळी? टीबीची? या आणि काही अँटिबायोटिक्स फिटचा उंबरठा खाली आणतात. उंबरठा हा शब्द डॉक्टरबाईंचा, आणि मला तो फार पटला. प्रत्येक मेंदूला असा एक उंबरठा असतो, कुणाचा हातभर उंच, कुणाचा बोटभर. फिट कुणालाही येऊ शकते. पाणी किती चढलं यावर ते घरात शिरणार की नाही हे ठरतं.

माझे सगळे रिपोर्ट स्वच्छ आले. साखर ठीक, सोडियम ठीक, हृदयाचा आलेख ठीक. मला बरं वाटलं. डॉक्टरबाईंना वाटलं नसावं, कारण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तिसरा प्रश्न टाकला. 'याआधी कधी पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखं वाटलंय? किंवा समोर चाललेलं सगळं अगदी असंच पूर्वी घडून गेलंय असं?'

मी गप्प झालो.

वाटलं होतं. बारा-तेरा वर्षं वाटत होतं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. प्रुफं वाचता वाचता पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं, ती भावना छातीतून घशापर्यंत चढायची, आणि समोरचं वाक्य मी आधीच वाचलंय अशी खात्री पटायची. नुसतं वाक्य नाही, तर खिडकीतलं ऊन, टेबलावरची पेन्सिल, बाहेर कुणीतरी दार आपटलं तो आवाज, सगळं जसंच्या तसं. वीसेक सेकंदांत ओसरायचं. मी त्याला पित्त म्हणत असे. एका मित्रानं 'मागच्या जन्मीचं असेल' म्हटल्यावर मी त्यावर थोडा खूशही होतो. बायकोला आठवलं की अशा वेळी मी ओठ चाटतो आणि हाक मारली तर 'हं' म्हणतो, पण ते 'हं' माझं नसतं.

म्हणजे न्हाणीघरातली फिट माझी पहिली नव्हतीच. छोट्या फिट्स मला वर्षानुवर्षं येत होत्या. त्या सकाळी तीच ठिणगी पसरून सगळ्या मेंदूभर गेली. हे फार लोकांच्या बाबतीत होतं. हातपाय झाडले तरच फिट, अशी आपली समजूत असते, त्यामुळे ओठ चाटणारी, दोन मिनिटं हरवून जाणारी, कपडे चाचपत बसणारी फिट कुणी मोजतच नाही.

घरी आल्यावर मी याबद्दल वाचत सुटलो आणि १८८८ सालच्या एका रुग्णापाशी थबकलो. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनी त्याची हकीकत 'डॉ. झेड' या टोपणनावानं लिहून ठेवली. हा रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. एकदा पेशंट तपासायला घेताना त्याला झटक्याची चाहूल लागली. भानावर आला तेव्हा तो टेबलाशी बसलेला होता आणि पेशंटला न्यूमोनिया असल्याचं निदान करून मोकळा झाला होता, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी. त्याला त्यातलं अक्षर आठवेना. घाबरून त्यानं पेशंट पुन्हा तपासला. निदान बरोबर होतं! हा डॉक्टर वारल्यावर त्याचा मेंदू तपासला गेला, तेव्हा डाव्या कानशिलाच्या आतल्या बाजूला एक अगदी छोटीशी पोकळी सापडली. जॅक्सन या झटक्यांना 'स्वप्नावस्था' म्हणत. आपल्याकडचा शब्द अपस्मार, म्हणजे स्मृतीचं हरपणं. माझ्या बाबतीत मात्र आधी नसलेली आठवण यायची आणि मग असलेली जायची.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला. डोक्यावर वायरी चिकटवून पडून राहायचं, दिव्याची उघडझाप बघायची, जोरजोरात श्वास घ्यायचा. तो डिंक दोन दिवस केसांतून निघत नव्हता. रिपोर्ट नॉर्मल. दादा म्हणाला, 'बघ, काही नाहीये.' पण अपस्मार असलेल्यांतसुद्धा पहिला साधा ईईजी बऱ्याचदा निर्मळ येतो. वादळ नसताना काढलेल्या फोटोत वादळ दिसत नाही. त्या उघडझाप करणाऱ्या दिव्यानंही मला काही झालं नाही, त्यामुळे दादाचा मोबाइल निर्दोष सुटला. प्रकाशाच्या लुकलुकण्यानं फिट येणारे लोक आहेत, पण अपस्मार असलेल्या शंभरांतले साधारण तीन, आणि त्यांत मुलं जास्त. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश वेगानं लुकलुकला आणि एका संध्याकाळी सहाशेच्यावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं, बहुतेक मुलंच. सगळ्यांना फिट आली होती असंही नाही. रात्री मोबाइलवर बातम्या वाचणं यात बसत नाही. त्यापायी झोप उडत असेल तर गोष्ट वेगळी.

एमआरआयनं मात्र पान उलटलं. मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक अवयव असतो, हिप्पोकॅम्पस, आठवणींचं कोठार. माझा उजवा आकसलेला आणि वणासारखा घट्ट झालेला निघाला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर डावा-उजवा शेजारी शेजारी दाखवला. मला दोन पांढुरके ठिपके दिसले, त्या म्हणाल्या म्हणून एक लहान वाटला. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, 'लहानपणी यांना तापात आकडी आली होती का?'

आई म्हणाली, 'आली होती की. सव्वा वर्षाचा होता.' आणि मग, जरा थांबून, 'बराच वेळ चालली होती.'

इथे एखाद्या धास्तावलेल्या आईबापांसाठी मला थांबलं पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात आकडी येणं अजिबात दुर्मीळ नाही, शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना येते. बहुतेकांची पंधरा मिनिटांच्या आत, बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांतच थांबते. ती पुन्हा येऊ शकते, पण मेंदूला इजा करत नाही, आणि पुढे अपस्मार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त राहते. तापाचं औषध घड्याळ लावून दिलं तरी ती टळतेच असं नाही; तेव्हा 'माझं औषध द्यायचं राहिलं म्हणून' हा सल बाळगायचं काही कारण नाही. कुणाचीही फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा. तोवर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, दातांत काहीही घालायचं नाही.

माझी आकडी आईच्या अंदाजानं अर्धा तास चालली होती. इतक्या लांबलेल्या आकडीचा आणि पुढे हिप्पोकॅम्पसवर येणाऱ्या वणाचा संबंध बराच अभ्यासलेला आहे. पण आकडीनं वण पडला, की आधीच काही कमी असलेल्या मेंदूला आकडी लांबली, हे एकेका माणसाच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नाही. मुद्रितशोधकाला हा पेच ओळखीचा आहे. चूक मूळ हस्तलिखितातच होती की जुळणी करताना झाली, हे हस्तलिखित हाती असेल तरच कळतं.

मग ती फिट त्याच सकाळी का? इथे आई बरोबर होती. एका जाडजूड कोशाची शेवटची प्रुफं होती आणि मी सलग दोन रात्री मिळून पाचेक तास झोपलो होतो. अंगात कणकणही होती. झोप तुटली की उंबरठा खाली येतो, ताप आला की येतो, काही बायकांचा पाळीच्या आगेमागे येतो, आणि ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांचा गोळी चुकली की येतो. सासऱ्यांचं टेन्शनही यात मोडतं, बहुतेक वेळा झोपेच्या मार्गानं. पण हे सगळं निमित्त. मराठीत कारण आणि निमित्त असे दोन वेगळे शब्द आहेत याचा मला तेव्हा पहिल्यांदा खरा उपयोग झाला. त्या दोन रात्री मी जागलो नसतो तर ती फिट कदाचित आली नसती. माझा वण मात्र तिथेच असता, पुढच्या निमित्ताची वाट बघत. आणि त्याच कोशावर माझ्यासोबत जागलेला सहकारी, त्याला साधं डोकंसुद्धा दुखलं नाही.

आई आणखी एक संशय घेऊन आली होती, नववीत मी सायकलवरून पडून डोक्यावर आपटलो होतो तो. तो डॉक्टरबाईंनी लगेच बाजूला सारला. डोक्याच्या सौम्य दुखापतीनंतर पाच वर्षांत फिट येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. दुखापत गंभीर असेल, मेंदूत रक्त साकळलं असेल, तर ती दहा टक्क्यांच्या घरात जाते. मी त्या दिवशी उठून सायकल हातात धरून घरी आलो होतो.

दादाला धास्ती वेगळीच होती, घराण्यात आहे का? त्याला दोन मुलं. काही अपस्मार जनुकांतून येतात हे खरं, पण आनुवंशिक म्हणजे आईबापांकडूनच आला असंही नाही. जनुकातला बदल मुलात नव्यानंही होतो. माझ्यासारख्या वणाच्या अपस्मारात पुतण्यांनी घाबरण्यासारखं काही नाही, एवढं त्याला बाईंच्या तोंडून ऐकायचं होतं, ते मिळालं.

एमआरआय बघताना त्या आणखीही बरंच काही शोधत होत्या, हे नंतर कळलं. गाठ, जन्मजात घडणीतला दोष, रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि कृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत तयार झालेले कोष. हे कोष फक्त मांस खाणाऱ्यांना होतात हा गैरसमज आहे. ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून, म्हणजे न धुतलेल्या हातांतून आणि दूषित पाण्यातून. साठीनंतर पहिली फिट आली तर सर्वांत आधी पक्षाघाताच्या खुणा शोधतात. आणि एवढं सगळं शोधूनही जगातल्या साधारण निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. मला माझा वण सापडला, हे मी नशीबच समजतो. निदान बोट ठेवायला जागा आहे.

फिट एकदाच आली तर पुन्हा येईलच असं नाही. दोन वर्षांत पुन्हा येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के धरतात. पण एमआरआयमध्ये असा वण दिसला, वर बारा वर्षांचं ते 'पित्त' होतं, म्हणून माझ्या बाबतीत वाट न पाहता गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन महिने मी फार चिडका झालो होतो. बायको म्हणते, नंतरही. गाडीची चावी बरेच दिवस तिच्या पर्समध्ये होती. पोटातून वर चढणारं ते काहीतरी आता वर्षातून एखाद्या वेळी येतं, अर्ध्यात विरतं. रात्रीची कामं मी घेत नाही. प्रकाशकांना सुरुवातीला कारण सांगायचो, आता सांगत नाही.

आईनं मात्र ते अर्ध्या तासाचं मनाला लावून घेतलं. मागच्या महिन्यात फोनवर भलतंच काहीतरी बोलता बोलता म्हणाली, 'तेव्हा वाहनच मिळेना रे. तुला खांद्यावर टाकून चालत निघालो होतो आम्ही. लवकर पोचलो असतो तर?' मी तिला हस्तलिखित आणि जुळणीचं सगळं समजावलं. कारण, निमित्त, कुणालाच ठामपणे सांगता येत नाही, वगैरे. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'बरं,' म्हणाली. 'रात्रीची गोळी घेतलीस का?'

घेतली नव्हती. उठून घेतली.